‘तीन वर्षांत विद्यापीठाने मला काय दिले?’

पत्राचा सारांश : अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यातून आलेल्या 21 वर्षांच्या वाचक लिहितात की, त्या पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहेत. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पहिल्या दोन्ही वर्षी प्रथम श्रेणी मिळाली. महाविद्यालयात मुलाखतींसाठी दोनच कंपन्या आल्या. त्यांतील एकीने लॅपटॉपवर एक्सेलची फाईल उघडून दिली आणि शाखानिहाय विक्रीचा पिव्होट तक्ता (लांबलचक यादीचा गटवार बेरजांचा गोषवारा) करायला सांगितला. तो त्यांना करता आला नाही. ‘पॉयसाँ वितरणाची सिद्धता मी फळ्यावर लिहून दाखवू शकते, पण तिथे नुसती पडद्याकडे पाहत बसले,’ असे त्या लिहितात. आता एका खासगी संस्थेत डेटा सायन्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा असे घरच्यांचे मत आहे. शुल्क 8 लाख रुपये असून माहितीपत्रकात ‘100 टक्के प्लेसमेंट’ असे छापले आहे. वडील पतसंस्थेकडून 13 टक्के व्याजाने कर्ज काढायला तयार आहेत. त्यासाठी चार एकर लिंबाच्या बागेच्या सातबाऱ्यावर बोजा चढेल. दुसरा मार्ग विद्यापीठात एम. एस्सी. करण्याचा आणि तिसरा महिना 22 हजारांची, आकडे भरण्याची एक नोकरी स्वीकारण्याचा आहे. सरकारी विद्यापीठाच्या पदवीला बाजारात किंमत नाही, असे त्यांचे दाजी म्हणतात, आणि तीन वर्षांत विद्यापीठाने आपल्याला काहीच दिले नाही, असे आता त्यांनाही वाटू लागले आहे. पैसे भरण्याची मुदत 30 तारखेला संपते.

प्रिय वाचक मैत्रिणी,

मुलाखतीचा प्रसंग तुम्ही चार ओळींत सांगून पुढे गेला आहात, पण बाकीचे सगळे पत्र त्याच प्रसंगातून निघाले आहे असे मला वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. पिव्होट तक्ता करायला शिकण्यासाठी एक दुपार पुरते. वसतिगृहातल्या मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन तुम्ही आज बसलात, तर उद्या तो तुम्हाला येत असेल. एका तासात खिडकीवर किती माणसे येतील, छापलेल्या एका पानावर किती चुका सापडतील, अशा मोजण्यांमागचे पॉयसाँचे गणित समजून घ्यायला मात्र तुम्हाला दोन वर्षे लागली. त्या दिवशी एका दुपारचे कौशल्य विचारले गेले, ते आले नाही, आणि दोन वर्षांचे शिक्षण वाया गेले असे तुम्ही ठरवून टाकलेत. एका निरीक्षणावरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही, हे तुमचाच विषय सांगतो.

पण एवढेच सांगून थांबले तर तुमच्यावर अन्याय होईल. तीन वर्षांत ती एक दुपार तुम्हाला कुणीच का दिली नाही, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर माझ्यासारख्या शिक्षकांनी द्यायचे आहे. मी तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. प्रात्यक्षिकांना आम्ही जी आकडेवारी देत असू ती घासूनपुसून लख्ख केलेली असे : वीस विद्यार्थ्यांची उंची, बारा महिन्यांचा पाऊस, एकही रकाना रिकामा नाही, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर जुळणार. आकडेवारी वर्षानुवर्षे तीच असल्यामुळे मागच्या तुकडीच्या जर्नलवरून पुढची तुकडी उतरवून काढत असे, आम्ही त्यावर तांबड्या शाईने सही करत असू, आणि ते उतरवलेले आहे हे आम्हाला ठाऊक असे. माझी एक विद्यार्थिनी औषधांच्या चाचण्यांचे विश्लेषण करणाऱ्या एका कंपनीत लागली. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे आलेल्या फाईलमध्ये वयाच्या रकान्यात कुठे 34 होते, कुठे जन्मतारीख, कुठे ‘माहीत नाही’ आणि कुठे 999. ‘सरासरी काढायला येत होती मॅडम, पण कशाकशाची काढायची तेच कळेना,’ असे ती मला म्हणाली. ते शिकायला तिला दोन महिने लागले. ते दोन महिने माझ्या वर्गात व्हायला हवे होते, ही रुखरुख मला अजून आहे.

तेव्हा सार्वजनिक विद्यापीठांविषयीची तुमची तक्रार मी नाकारत नाही. तिचा रोख मात्र थोडा बदलून पाहावा, अशी माझी विनंती आहे. पदवीने नोकरीसाठी ‘तयार’ केले की नाही, हे तुम्ही पहिल्या मुलाखतीवरून आणि पहिल्या पगारावरून मोजत आहात. तुमच्यापुढे नोकरीची किंवा व्यवसायाची साधारण 35 ते 40 वर्षे आहेत. एवढ्या काळात तुमचे काम निदान तीन-चार वेळा बदलेल. पहिल्या कामासाठी लागणारी तयारी आणि तिसऱ्या-चौथ्या कामापर्यंत टिकणारी तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या विद्यापीठाचे खरे बळ दुसऱ्या गोष्टीत असते.

मी एम. एस्सी.ला होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत फॅसिटची लोखंडी गणकयंत्रे होती. हँडल फिरवून गुणाकार करायचा. भागाकारात एक फेरा जास्त झाला की आतली घंटी वाजायची, मग एक फेरा उलटा घ्यायचा आणि कॅरेज एक घर सरकवायचे. वर्गात एकाच वेळी दहा हँडले फिरत असली की शेजारणीचे बोलणेही ऐकू येत नसे. ते यंत्र सफाईने चालवणे हे तेव्हा मोठे कौशल्य मानले जाई. पुढे फोरट्रान ही संगणकाची भाषा आली, मग एसपीएसएस आणि सॅस ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर आली. 1990 च्या दशकात ऑकलंड विद्यापीठातील दोन संख्याशास्त्रज्ञांनी ‘आर’ ही भाषा तयार केली आणि ती सगळ्यांना विनामूल्य मिळू लागली. त्यानंतर पायथन या भाषेचा बोलबाला झाला, आणि आता संगणकाला साध्या भाषेत सांगून प्रोग्रॅम लिहून घेण्याचे दिवस आले आहेत. नमुना कसा निवडावा, निवडताना कोण सुटून जाते, दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का, काढलेला अंदाज किती चुकू शकतो, हे प्रश्न मात्र त्या सगळ्या काळात एकदाही बदलले नाहीत. ज्यांना हे प्रश्न नीट विचारता येत होते त्यांनी प्रत्येक नवे अवजार काही महिन्यांत आत्मसात केले. ज्यांना केवळ एक अवजार येत होते त्यांची त्या अवजाराबरोबर अडचण झाली, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

तुमच्या घराजवळचे एक उदाहरण देते. गावात पीक विम्याचा विषय निघाला की ‘पीक कापणी प्रयोग’ हे शब्द तुमच्या वडिलांच्या कानावर नक्की पडत असतील. शेत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढ्यातलेच पीक कापून, मळून, तोलायचे आणि त्यावरून सगळ्या महसूल मंडळाच्या उत्पादनाचा अंदाज बांधायचा. ही रीत आपल्या देशात शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे नाव अग्रभागी आहे. 1911 मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी त्यांचा जन्म झाला आणि 1932 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुणे विद्यापीठ तेव्हा अस्तित्वातही नव्हते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, परतल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या नमुना पाहणीचे काम केले आणि 1951 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली. फर्ग्युसनमध्ये त्यांना पीक कापणी प्रयोग कुणी शिकवलेला नव्हता, कारण ती रीत शास्त्रशुद्ध पायावर अजून उभी राहायची होती. त्यांच्यापाशी गणित होते, आणि नवा प्रश्न समोर आल्यावर ते गणित कुठे लावायचे याची दृष्टी होती. अर्थात, एका सुखात्म्यांवरून सगळी विद्यापीठे चांगली ठरवणे हेही एका निरीक्षणावरचेच अनुमान होईल, म्हणून हे उदाहरण मी पुरावा म्हणून देत नाही. टिकाऊ तयारी म्हणजे काय ते डोळ्यांपुढे यावे, एवढ्यासाठी देते.

आता त्या 8 लाखांकडे वळू, कारण तिथे घाई आहे. ‘100 टक्के प्लेसमेंट’ हे वाचल्यावर तुमच्या विषयातला पहिला प्रश्न स्वतःला विचारा : कशाचे 100 टक्के? छेदात कोण आहे? प्रवेश घेतलेले सगळे विद्यार्थी, की शेवटपर्यंत टिकलेले, की संस्थेने ‘पात्र’ ठरवून मुलाखतीला बसवलेले? साठ जणांनी प्रवेश घेतला, तीस जण पात्र ठरले आणि तीसही जणांना काही ना काही नोकरी लागली, तरी जाहिरात 100 टक्क्यांचीच छापता येते. दुसरा प्रश्न सरासरीचा आहे. दहा जणांपैकी नऊ जणांना वर्षाला 3 लाख आणि एकाला 30 लाख मिळाले, तर ‘सरासरी पॅकेज’ 5 लाख 70 हजार होते, पण मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 3 लाखच राहतो. शाळेत आपण मध्य, मध्यक आणि बहुलक पाठ करतो ते याच कामासाठी. तिसरा प्रश्न काळाचा. लागलेल्यांपैकी एक वर्षानंतर त्या कामावर किती जण आहेत?

हे तीन प्रश्न संस्थेला ईमेलने लिहून पाठवा आणि उत्तर लेखी मागा. ज्या संस्थेकडे खरी आकडेवारी आहे तिला ती देण्यात अडचण वाटणार नाही. फोनवरून गोड बोलून तुम्हाला ‘प्रत्यक्ष येऊन भेटा, जागा संपत आल्या आहेत’ असे सांगितले गेले, तर तेच तुमचे उत्तर समजा. खासगी संस्था सगळ्याच वाईट असतात असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी शिकवणारे उत्तम असतात आणि उद्योगांशी त्यांचा संबंध आपल्या विभागांपेक्षा जिवंत असतो. माझा आक्षेप माहितीवाचून सही करण्याला आहे.

आणि सहीची किंमत काय आहे ती पाहा. 8 लाख रुपये, 13 टक्के व्याज, 7 वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 14,550 रुपये येतो आणि एकूण परतफेड 12 लाख 20 हजारांच्या वर जाते. बँकेच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत हप्त्याला सवलत असते. पतसंस्थेचा हप्ता बहुधा लगेच सुरू होईल, म्हणजे पहिली दोन वर्षे तो लिंबाच्या उत्पन्नातून जाईल. नंतर तुम्हाला 25 हजारांची नोकरी लागली, तर पुण्यातील खोलीभाडे, मेस आणि बसचा पास वजा केल्यावर हप्त्यापुरते उरणे कठीण आहे. याहून मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. डोक्यावर हप्ता असलेल्या माणसाला पहिली नोकरी सोडता येत नाही, कमी पगाराचे पण शिकवणारे काम घेता येत नाही, पुढे शिकायला जाता येत नाही. सुरुवातीच्या पाच वर्षांत हे करता येण्यावर दीर्घकाळची वाटचाल फार अवलंबून असते. सार्वजनिक विद्यापीठाचे शुल्क कमी असते याचा अर्थ केवळ ‘स्वस्त शिक्षण’ असा नाही. चुकण्याची आणि दिशा बदलण्याची मोकळीक त्या कमी शुल्कात मिळते. शेतकऱ्याच्या मुलीला ती मोकळीक दुसरे कुणी देत नाही.

तुमच्या दाजींच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असे मात्र समजू नका. ‘सरकारी विद्यापीठ’ असा एकच शब्द वापरून ते बोलतात, तिथे त्यांची गल्लत होते. 10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापन झालेल्या, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ज्याचे पहिले कुलगुरू होते आणि 2014 पासून जे सावित्रीबाईंच्या नावाने ओळखले जाते, त्या आपल्या विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरले आहे. शेकडो संलग्न महाविद्यालये आणि गणेशखिंडीच्या आवारातील विद्यापीठाचे स्वतःचे विभाग यांच्या पदवीपत्रावर नाव एकच असते, पण दोन्हीकडचा अनुभव सारखा नसतो. तुम्ही आजवर पाहिलेत ते एक महाविद्यालय. कायम शिक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहणे, तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाने एका दिवसात दोन महाविद्यालये धावत गाठणे, निकाल लांबल्यामुळे पुढचा प्रवेश किंवा नेमणूक हुकणे, हे सगळे खरे आहे आणि त्याची झळ तुमच्यासारख्यांनाच सर्वांत जास्त बसते, कारण घरून भरपाई करण्याची सोय नसते. अनेक विभागांकडे आपले माजी विद्यार्थी आज कुठे आहेत याची साधी वहीसुद्धा नसते. संस्थेला जे तीन प्रश्न तुम्ही विचाराल तेच विद्यापीठाच्या विभागालाही विचारा, असे मी म्हणते ते यासाठीच. शिवाय हेही विचारा : या वर्षी कोणते शिक्षक कोणता विषय शिकवणार आहेत, मागच्या पाच तुकड्यांतील विद्यार्थी कुठे आहेत, आणि राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या नव्या रचनेत पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प यासाठी जे 4 श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत, त्यासाठी विद्यार्थ्यांना नेमके कुठे पाठवले जाते? कार्यालयातून उत्तर मिळाले नाही तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत विभागाबाहेर उभे राहून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. ते खरे सांगतात.

विद्यापीठाच्या परिसराचे एक धन असे आहे की, त्याकडे आपल्या मुलांचे लक्षच जात नाही. गणेशखिंडीच्या त्या 411 एकरांच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र आहे, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आहे. थोडे पुढे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था, शिवाजीनगरला हवामान खात्याचे कार्यालय, डेक्कनला गोखले अर्थशास्त्र संस्था. यांतील प्रत्येक ठिकाणी रोज आकड्यांचे काम चालते. तिथल्या खुल्या व्याख्यानांना जाणे, संशोधक विद्यार्थ्यांशी ओळख करून घेणे आणि एखाद्या प्रकल्पात दोन महिने बिनपगारी मदत करण्याची तयारी दाखवणे, यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही. अशा एका उन्हाळ्यातून पुढे पूर्ण वाट सापडलेले विद्यार्थी मला माहीत आहेत. तीन जिल्ह्यांतल्या, निरनिराळ्या घरांतल्या मुलामुलींबरोबर एका बाकावर बसून शिकणे हेही त्या शिक्षणातच मोडते. पुढे कामाच्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांशी जमवून घेताना ते उपयोगी पडते.

मग करायचे काय? माझे मत स्पष्ट सांगते. बागेवर बोजा चढवून त्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ नका. एम. एस्सी.साठी मनापासून प्रयत्न करा. विद्यापीठाच्या विभागाची प्रवेश परीक्षा द्या, आणि जमल्यास आयआयटींच्या ‘जॅम’ या एम. एस्सी. प्रवेशाच्या परीक्षेतील गणितीय संख्याशास्त्राचा पेपरही द्या, कारण दोन्हींची तयारी बरीचशी एकच असते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्न गटाला लागू असलेल्या योजना आताच पाहून ठेवा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, तिच्याविषयी संकोच बाळगू नका. तिच्यातून पैसे थोडे मिळतात, पण ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम केलेल्या मुलांना संस्था आतून कशी चालते हे कळते.

प्रवेश मिळाला नाही, किंवा घरची ओढाताण फारच असेल, तर ती 22 हजारांची नोकरी एका वर्षासाठी घेणे हा कमीपणाचा मार्ग नाही. फक्त कामाचे स्वरूप नीट विचारून घ्या. आकडे नुसते भरायचे असतील तर ती नोकरी तुम्हाला काही शिकवणार नाही. आलेले आकडे तपासायचे, जुळवायचे, चुका शोधायच्या असतील तर तेच काम उत्तम शाळा ठरू शकते. पदवीधरांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना आहे. तिच्यात विद्यावेतन मिळून कंपनीत किंवा सरकारी उपक्रमात शिकता येते, आणि अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही ती खुली आहे. नोंदणी ऑनलाइन होते. आपल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर तिची साधी जाहिरात का नसते, हे मला कधीच समजलेले नाही.

तुमच्या विषयाला आणखी तीन दारे आहेत, ती कुणी सांगितली नसतील म्हणून नोंदवते. केंद्रीय लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेतो. तिला संख्याशास्त्राची पदवी पुरते आणि खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा 21 ते 30 वर्षे आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवी स्तरावरील परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येते. विमागणिताच्या, म्हणजे ॲक्च्युअरीच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. त्या लांबलचक आहेत, पण त्यांची किंमत टिकते. राज्यसेवेचा विचार मनात असेल तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरण्यापूर्वी किती प्रयत्न आणि किती वर्षे, हे कागदावर लिहून घरच्यांच्या साक्षीने ठरवा, एवढेच सांगते.

आता पुढच्या तीन महिन्यांचे एक काम सुचवते, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. तुमच्या वडिलांकडे आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या, असतील, बहुधा कपाटात एका पिशवीत किंवा खिळ्याला टोचून ठेवलेल्या. पाच-सहा वर्षांच्या मिळाल्या तरी पुष्कळ आहे. प्रत्येक पट्टीवरची तारीख, वजन, भाव, आडत, हमाली, तोलाई आणि हातात आलेली रक्कम एका तक्त्यात भरा. दुसरीकडे ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरून त्याच दिवसांची बाजार समितीतील लिंबाची आवक आणि भाव घ्या. मग दोन्ही शेजारी ठेवा. लगेच अडचणी सुरू होतील : काही पट्ट्यांवर वजन किलोत असेल, काहींवर गोण्यांत. काही दिवस बाजार बंद असेल आणि तिथे शून्य लिहायचे की जागा रिकामी ठेवायची हा प्रश्न पडेल, आणि त्या एका निर्णयाने सरासरी किती बदलते ते तुम्ही स्वतः पाहाल. एखाद्या पट्टीवरचा आकडा घामाने पुसलेला असेल. जाहीर भाव आणि वडिलांच्या हाती आलेला भाव यांत फरक दिसेल, आणि तो मालाच्या प्रतीमुळे आहे, कपातीमुळे आहे की आणखी कशामुळे, हे शोधावे लागेल. माझ्या वर्गात मी जी मळलेली आकडेवारी कधी दिली नाही ती ही. हे काम ‘आर’मध्ये करा. भाषा विनामूल्य आहे आणि स्वयम्‌ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर तिचे अभ्यासक्रमही आहेत. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल पाहणीची मूळ आकडेवारीही संशोधनासाठी मोफत मिळते. लिंबाचे काम झाले की तिकडे वळता येईल.

निष्कर्ष दोन पानांत लिहा, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. मराठी माध्यमाविषयी तुम्ही जणू अपराध कबूल करावा तसे लिहिले आहे. इंग्रजी लागतेच, त्यात दुमत नाही, आणि ती आठवड्याला एक पान स्वतः लिहून, कुणाकडून तरी दुरुस्त करून घेऊन येते. पण अवघड आकड्याचा अर्थ वडिलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगता येणे ही क्षमता मी नोकरीला ठेवताना सर्वांत आधी पाहीन, कारण पुढे तुम्हाला डॉक्टर, व्यवस्थापक, शेतकरी, सरपंच अशा संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसांनाच सगळे समजवायचे आहे. पुढच्या मुलाखतीत कुणी लॅपटॉप पुढे केला, तर पिव्होट तक्ता तुम्हाला येत असेल आणि बोलण्यासारखे स्वतःचे असे एक कामही हाताशी असेल.

हे वाचणाऱ्या इतर विद्यार्थ्यांनाही सांगावेसे वाटते की, विषय इतिहास असो, वनस्पतिशास्त्र असो वा वाणिज्य, शेवटच्या वर्षात स्वतः गोळा केलेल्या सामग्रीवरचे एक काम पूर्ण करा, आणि आपल्याहून सात-आठ वर्षे पुढे असलेल्या पाच माजी विद्यार्थ्यांना गाठून त्यांची दुसरी आणि तिसरी नोकरी त्यांना कशामुळे मिळाली ते विचारा. पहिलीविषयी सगळेच सांगतात. पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे की, जमीन विकून किंवा गहाण ठेवून शिकवण्याची तुमची तयारी मोठी आहे, पण मुलीला ते ओझे वाटते आहे का हे तिला एकदा शांतपणे विचारा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, जर्नलमधील आकडेवारी या वर्षी तरी बदला.

तुम्ही लिहिले आहे की, घरी हा विषय फोनवरच निघतो आणि दाजी मध्ये बोलू लागले की तुम्ही गप्प बसता. फोनवर हे ठरवू नका. 30 तारखेच्या आधीच्या रविवारी गावी जा. संस्थेचे उत्तर, हप्त्याचा हिशेब आणि विभागाकडून मिळालेली माहिती एका कागदावर मांडून न्या, आणि दुपारी बाग पाहून आल्यावर वडिलांजवळ एकट्याच बसा. आधी त्या पट्ट्या मागून घ्या. तुम्हाला त्या कशासाठी हव्यात हे त्यांना समजावून सांगताना तुम्ही काय शिकलात ते त्यांना कळेल. कर्जाचे त्यानंतर बोला.